न चाळलेले पीठ



मशिदीत पाऊल टाकताच आपली नजर सहसा पहिल्या सफेकडे जाते. येत्या जुम्याला ती शेवटच्या सफेकडे, भिंतीलगत मांडलेल्या खुर्च्यांकडे वळवा आणि त्या मोजा. अहिल्यानगर जिल्ह्यातील ज्या गावी मी इमामत करतो, तेथे मी रुजू झालो तेव्हा अशा दोन खुर्च्या होत्या व त्यांवर दोन वयोवृद्ध बुजुर्ग बसत. आज अकरा आहेत. त्यांवर बसणाऱ्यांपैकी चौघे पन्नाशीच्या आतले आहेत. एक जण तर माझ्याहून अवघ्या सहा वर्षांनी मोठे. ते मालवाहू टेम्पो चालवतात. त्यांचे आजोबा ऐंशीच्या घरात असतानाही सजद्यातून हाताचा टेकू न घेता उठत, हे गावातील जुनी माणसे आजही सांगतात.

ज्यास सजदा शक्य नाही त्याने बसून, इशाऱ्याने नमाज अदा करावी, ही मुभा शरीअतने दिलेली आहे. तेव्हा खुर्चीविषयी माझी तक्रार नाही. परंतु जे आजोबांना ऐंशीव्या वर्षी सहज जमत होते, ते नातवाला चाळिशीत का जमू नये, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते. ‘‘मौलाना, साखर आमच्या खानदानातच आहे.’’ पण खानदान तर आजोबांचेही तेच होते.

रोग रक्तातून येतो की राहणीतून, हे पाहायचे असेल तर एकाच रक्ताची माणसे दोन निराळ्या चालीरीतींत राहिलेली शोधावी लागतील. असा दाखला आहे, मात्र तो फार दूरचा आहे. उत्तर अमेरिकेत पिमा नावाचे आदिवासी लोक राहतात. त्यांचा एक भाग अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात आहे व दुसरा सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या डोंगराळ मुलुखात. मेक्सिकोतील पिमा मका, घेवड्यासारखी कडधान्ये व बटाटे खातात, शेतात राबतात, पायी हिंडतात. ॲरिझोनातील पिमांच्या नदीचे पाणी एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाला आलेल्या वसाहतवाल्यांनी वळवून घेतले. शेती बुडाली आणि कालांतराने त्यांच्या ताटात सरकारी शिध्याचा मैदा, साखर व चरबी आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेक्सिकोतील पिमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण शेकडा ७ च्या आसपास आढळले, तर ॲरिझोनातील त्यांच्या भाऊबंदांमध्ये शेकडा ३८. पूर्वज तेच होते. बदलला होता तो शिधा आणि दिवसभराचा वावर.

मग रक्ताचा काहीच वाटा नाही काय? आहे, आणि आपणा हिंदी लोकांच्या बाबतीत तो अधिक सावध करणारा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलीच दोघांची तुलना छापली होती. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचे जे गणित आहे, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचेही नेमके २२.३ होते. छायाचित्रात दोघेही सडपातळ दिसतात. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची शेकडा ९.१ निघाली आणि याज्ञिकांची २१.२. अंगाने बारीक, पण आतून चरबीयुक्त, असा हा आपला देह. म्हणूनच वजनकाट्यावर समाधान मानणाऱ्या आपल्याकडील माणसाने एकदा शिवणकामाची टेप पोटाभोवती फिरवून पाहावी. भारतीय पुरुषासाठी ९० व स्त्रीसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची खूण मानली जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. ज्या देहात मुळातच जागा कमी, त्यात आपण अधिक भरीत आहोत.

आता आपल्या अंगणात येऊ.

आपला जिल्हा मुळात भाकरीचा. कर्जत-जामखेडकडची शाळू, पारनेर-पाथर्डीकडची बाजरी, अकोल्याच्या डोंगरातील नाचणी आणि वरई. कोरड्यासाला हुलगे, मटकी, तूर. थंडीत हुलग्याची शेंगोळी, आजाऱ्याला माडगे, शेतात हुरडा. मुस्लिम घरांतही हेच शिजत असे. बकरीद, वलीमा किंवा पाहुण्यांच्या निमित्तानेच मांस आणि तांदूळ चुलीवर चढत. पुढे चित्र पालटू लागले. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्याच्या कडेने ऊस उभा राहिला आणि १९५० साली लोणीच्या माळावर, ज्याला आपण आज प्रवरानगर म्हणतो, तेथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. या साखरेने हजारो घरांत चूल पेटवली, शाळा-दवाखाने उभे केले. तिला दोष देण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. परंतु जे शेतात पिकते ते सारेच आपल्या पोटात गेले पाहिजे, असे थोडेच आहे! १९७२ च्या दुष्काळात परदेशी मिलो आणि सुकडी खाऊन जगलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या पिढीने मुलांना गोडधोड, तळलेले, पांढरे शुभ्र असे जे जे स्वतःला मिळाले नाही ते ते मायेने खाऊ घातले. त्या मायेला कोण नावे ठेवील? पण जे सणाचे होते ते रोजचे झाले.

या बदलाबरोबर आपल्या समाजात आणखी एक समज रुजला, आणि आज त्याविषयीच मला प्रामुख्याने बोलायचे आहे. भाकरी-हुलगे हे ‘गावठी’ खाणे, आणि बिर्याणी, मैद्याची तंदुरी रोटी, तळलेले कबाब, गोड शरबत हे ‘आपले’, मुसलमानी खाणे, असा तो समज. निकाहाच्या जेवणात भाकरी वाढली तर वधूपित्याची नाचक्की होईल, असे आपल्याला वाटते. तेव्हा ‘आपले’ म्हणजे कोणाचे, हे एकदा मदीन्यातील दस्तरख्वानावर जाऊन पाहू या.

सहीह बुखारीत ह. सहल बिन सअद (रजि.) यांचे एक कथन आले आहे. त्यांना कोणी विचारले की, अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) कधी शुभ्र, चाळलेल्या पिठाची रोटी खाल्ली होती काय? त्यांनी सांगितले की, प्रेषितत्व लाभल्यापासून अखेरच्या श्वासापर्यंत प्रेषितांनी (स.) तसले पीठ पाहिलेही नाही. विचारणाऱ्याने पुढे पुसले, त्या काळी तुमच्याकडे चाळण्या होत्या काय? नव्हत्या, असे उत्तर आले. मग न चाळलेले जव तुम्ही खात कसे? तर जव दळीत, त्यावर फुंकर मारीत, जो कोंडा उडायचा तो उडे आणि उरलेले पाणी घालून मळून घेत. वाचकहो, हे वर्णन कोणत्या चुलीचे वाटते? मला तर माझ्या आजीची परात आठवते. आणि प्रेषितांच्या (स.) घरच्यांनी जवाची ही रोटीदेखील लागोपाठ दोन दिवस पोटभर खाल्ली नाही, असे ह. आयेशा (रजि.) यांचे कथन मुस्लिम या संग्रहात आहे.

त्या कोंड्याचे मोल आज प्रयोगशाळा सांगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत, बाजरीत ११ हून अधिक, आणि मैद्यात ३ ग्रॅमदेखील नाहीत. हे तंतू पचनाची गती धिमी ठेवतात, त्यामुळे जेवणानंतर रक्तात साखर एकदम उसळत नाही व पोट लवकर भरल्यासारखे वाटते. येथे गव्हावर अन्याय नको. कोंड्यासकट दळलेल्या गव्हातही जवळपास तितकेच तंतू असतात. दोष गव्हाचा नसून चाळणीचा आहे; आपण कोंडा म्हशीला घालतो आणि मैदा मुलांना.

मात्र दोन गोष्टींविषयी सावध करतो. ज्वारी म्हणजे जव नव्हे, आणि भाकरी खाणे ही सुन्नत आहे असे मी म्हणत नाही. हल्ली अजवा खजूर, कलौंजी आणि मध यांच्या पुड्यांवर ‘सुन्नत आहार’ असे छापून दुप्पट दराने विकण्याचा धंदा फोफावला आहे, आणि मधुमेही माणसे बरकत म्हणून मूठमूठ खजूर खात आहेत. तसेच आमच्यातील काही वक्ते मिंबरवरून ‘पोट हे रोगांचे घर आहे’ हे वचन हदीस म्हणून ऐकवतात. इब्ने कय्यिम यांनी ‘जादुल मआद’मध्ये स्पष्ट केले आहे की, हे वचन अरबांचा वैद्य हारिस बिन कलदा याचे आहे. बोल शहाणपणाचा असला तरी प्रेषितांच्या (स.) नावावर तो खपवणे योग्य नाही. दुसरी गोष्ट गरिबांची. शिधापत्रिकेवर गहू आणि तांदूळ येतो. बाजारात चांगली शाळू गव्हाहून महाग पडते. ज्या मजुराच्या घरी पाच तोंडे आहेत त्याला ‘भाकरी खा’ असा उपदेश करणे सोपे असते. त्याने रेशनचाच गहू न चाळता दळून आणावा आणि तांदळाच्या जोडीला मूठभर मटकी-हुलगे शिजवावेत, इतके तरी होऊ शकते. बागायती असलेल्यांनी बांधापलीकडचा एखादा तुकडा बाजरीसाठी राखला तर गावाचीही सोय होईल. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपून ठेवले आणि २०२० च्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईंना जे उमगले ते आपल्या पदवीधरांनाही उमगायला हरकत नाही.

काय खावे इतकाच किती खावे हाही प्रश्न आहे. खावे-प्यावे, परंतु अतिरेक करू नये, ही कुरआनची आज्ञा (अल-आराफ : ३१) सर्वांना ठाऊक आहे. तिर्मिजीतील हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) पोटाला माणसाने भरलेले सर्वांत वाईट भांडे म्हटले आहे, पाठीचा कणा ताठ राहील इतके काही घास पुरेत, आणि त्याहून अधिक खायचेच असेल तर एक तृतीयांश अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, असा त्याचा आशय आहे. ध्यानात घ्या, तृतीयांश ही कमाल मर्यादा आहे. जपानच्या दक्षिणेस ओकिनावा नावाची बेटे आहेत. तेथील जुनी माणसे पोट दहापैकी आठ हिस्से भरले की हात आखडता घेत. रताळी, सोयाबीन, भाजीपाला हा त्यांचा आहार आणि दीर्घायुष्य ही त्यांची ख्याती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे अमेरिकी लष्करी तळ आले, त्यांच्यासोबत डबाबंद मांस आणि झटपट खाण्याची दुकाने आली, आणि पायी चालण्याची जागा मोटारींनी घेतली. २००० सालच्या गणनेत ओकिनावाचे पुरुष आयुर्मानाच्या बाबतीत जपानच्या ४७ प्रांतांत २६ व्या स्थानावर घसरले, तेव्हा साऱ्या देशाला धक्का बसला. म्हाताऱ्यांना रीत ठाऊक होती. मुलांपर्यंत ती पोहोचली नाही. आपल्याकडेही तृतीयांशाची हदीस मुलांना तोंडपाठ असते आणि वलीम्यात त्यांच्या ताटात बिर्याणीचा डोंगर असतो.

मांसाविषयी थोडक्यात. ते हलाल आहे, पौष्टिक आहे. परंतु रोज दोन्ही वेळा मांस हवेच, ही सवय बुजुर्गांना पसंत नव्हती. मांसाची चटक लागते, असा इशारा ह. उमर (रजि.) यांनी दिल्याचे इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त नमूद आहे.

चहाविषयी मात्र मला स्वतःचाच कबुलीजबाब द्यावा लागेल. इमामाला घरोघरी जावे लागते. कोणाकडे अकीका, कोणाकडे आजारी माणूस, कोणाकडे भावांचा तंटा. प्रत्येक घरी कप पुढे येतो आणि नाही म्हटले तर यजमानाचे तोंड उतरते. मागील वर्षी मी एक दिवस मोजदाद केली : सात कप, प्रत्येकात दोन चमचे. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ७० ग्रॅम साखर केवळ चहातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. आता मी घरात शिरतानाच सांगतो, ‘‘भाभी, बिनसाखरेचा, आणि अर्धाच.’’ पहिले दोन महिने लोकांनी मला आजारी समजून विचारपूस केली.

आता चालण्याकडे वळू. नमाज हाच उत्तम व्यायाम आहे, असे काही जण मोठ्या उत्साहाने सांगतात. माझ्या नम्र मते हा इबादतीचा सन्मान नव्हे. नमाज अल्लाहसमोर उभे राहण्यासाठी आहे, आणि रुकू-सजद्याने सांधे मोकळे राहत असले तरी दिवसभर बसून काढलेल्या देहाला तेवढे पुरत नाही. व्यायाम दडला आहे तो नमाजच्या वाटेत. मदीन्यात बनू सलिमा नावाच्या कुळाची घरे मशिदीपासून दूर होती. त्यांनी मशिदीजवळ येऊन राहण्याचा विचार केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्या जागीच राहण्यास सांगितले, तुमची पावले लिहिली जात आहेत, असा दिलासा दिला (मुस्लिम). आज जुम्याला आमच्या मशिदीसमोर मोटारसायकली लावायला जागा उरत नाही, आणि त्यांतील निम्म्या हाकेच्या अंतरावरून आलेल्या असतात. हिशेब करा. घर ६०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सव्वा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण पंधरा मिनिटे. पाचही वेळा पायी गेल्यास दिवसाची पाऊण तासाहून कितीतरी अधिक, सव्वा तास चाल होते. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालीसारखे श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पायी जाणाऱ्या नमाजीचा हा हिस्सा दोन दिवसांत पुरा होतो.

आणि घरातील स्त्रिया? त्यांच्या वाट्याला मशिदीची ही वाट नाही. पूर्वी जाते होते, विहीर होती, सरपणाची मोळी होती. त्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही, जात्याने ह. फातिमा (रजि.) यांच्याही हातांना घट्टे पडले होते, आणि आमच्या आज्यांच्या कमरा त्यातच मोडल्या. पण जाते गेले आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातील पुरुषांपैकी शेकडा ४२ आणि स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना पुरेशी शारीरिक हालचाल घडत नाही. त्यात आपल्याकडे आणखी एक रीत : बाई सर्वांच्या शेवटी जेवते आणि ‘अन्न टाकू नये’ म्हणून मुलांच्या ताटातील उरलेसुरलेही स्वतःच्या पोटात ढकलते. अन्न वाया न घालवण्याची शिकवण स्वयंपाकाचे माप ठरवताना पाळायची असते; पत्नीच्या पोटाला उष्ट्याचे भांडे बनवून नव्हे.

स्त्रीने चालायला बाहेर पडणे काही घरांत कमीपणाचे मानले जाते. अशा बंधूंना अबू दाऊदमधील एका हदीसची आठवण देतो. एका प्रवासात प्रेषितांनी (स.) ह. आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि त्या पुढे गेल्या. काही काळाने त्यांचे अंग भरले, तेव्हा पुन्हा शर्यत झाली व या वेळी प्रेषित (स.) पुढे गेले, ही त्या वेळची परतफेड, असे त्यांनी हसत म्हटले. पतीने पत्नीसोबत धावावे यात ज्यांना संकोच वाटत नव्हता, त्यांचे आपण अनुयायी आहोत. फजरनंतर शेतरस्त्याने पत्नीला, आईला, बहिणीला सोबत घेऊन अर्धा तास चालणे आपल्याला जड का जावे? पडद्याची अडचण पुढे करणाऱ्यांनी पाहावे की, तीच स्त्री लग्नाच्या खरेदीसाठी नगरच्या कापडबाजारात तीन तास पायी फिरते.

रमजान जवळ येत आहे, म्हणून शेवटी त्याविषयी. रोजा सोडताना प्रेषित (स.) ताजी खजूर, ती नसल्यास सुकी, तीही नसल्यास पाण्याचे काही घोट घेत आणि मग मगरिब अदा करीत (अबू दाऊद, तिर्मिजी). आपण भजी, समोसे आणि लालभडक शरबताने सुरुवात करतो व तरावीहमध्ये जांभया देतो. खजूर-पाणी, नमाज, नंतर साधे जेवण; सहेरीला भाकरी किंवा कोंड्याची पोळी, डाळ, दही. एवढ्याने महिन्याअखेर वजन वाढायचे थांबेल.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी शाबानमध्येच डॉक्टरांची भेट घ्यावी. रोजा ठेवता येईल काय, गोळ्यांच्या वेळा कशा बदलाव्यात, हे त्यांनाच विचारावे. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे नीट लक्षात ठेवा. साखर ७० च्या खाली उतरली तर डॉक्टर ताबडतोब रोजा सोडण्यास सांगतात, आणि जिवावर बेतत असताना शरीअतचेही म्हणणे तेच आहे. सुरुवातीला ज्या टेम्पोवाल्या बंधूंचा उल्लेख केला, ते दोन वर्षांपूर्वी हीच गोष्ट लपवून रोजा ठेवीत राहिले आणि एकोणिसाव्या रोज्याला असरच्या वेळी वुजूखान्यात कोसळले. यंदा ते आधीच तपासणीला जाऊन आले. या अवस्थेत रोजे ठेवू नका, असे डॉक्टरांनी सांगितले. इशानंतर ते माझ्याकडे आले आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. मग डोळे पुसत त्यांनी फिदयाविषयी विचारले. साखर आटोक्यात आली तर पुढे कजा रोजे ठेवायचे, आणि डॉक्टरांनी ती आशाच नाही असे म्हटले तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला दोन वेळचे जेवण द्यायचे (अल-बकरा : १८४), असे दोन्ही पर्याय मी त्यांना कागदावर लिहून दिले. कागद घडी घालून खिशात ठेवताना त्यांनी विचारले, ‘‘मौलाना, पोराला आत्ताच तपासून घेऊ का? तो एकोणीसचा आहे.’’ मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी फजरला बापलेक दोघेही पायी आले.